अंगरखा आधी, अंग मागाहून!

फुटबॉलचा खेळ तसा साधा. अकरा गडी इकडे, अकरा तिकडे आणि मध्ये एक चेंडू. तो समोरच्यांच्या जाळ्यात घालायचा आणि आपल्या जाळ्यात येऊ द्यायचा नाही. एवढे कळायला पोथी लागत नाही. पण साध्या गोष्टीला सोवळे नेसवल्याखेरीज ज्यांना चैन पडत नाही असे लोक प्रत्येक क्षेत्रात असतात, तसे ते फुटबॉलमध्येही आहेत. त्यांना 'खेळ' हा शब्द हल्ली पुरेनासा झाला आहे. त्यांना 'तत्त्वज्ञान' हवे असते. नवा प्रशिक्षक नेमला, की त्याला पहिला प्रश्न टाकतात तो 'तुमचे तत्त्वज्ञान काय?' हा. 'तुमच्या हाताशी माणसे कोणती?' हे विचारण्याचे कोणाला सुचत नाही. आणि तो गृहस्थही एकाही गड्याला चेंडू मारताना पाहण्याआधी आपले तत्त्वज्ञान सांगून मोकळा होतो! चेंडू सदैव आपल्याच पायात ठेवायचा. गोलरक्षकाने तो लांब भिरकवायचा नाही, जवळच्या गड्याला अलगद द्यायचा. समोरच्यांना त्यांच्याच अंगणात जाऊन गाठायचे. ऐकायला फार गोड. फक्त एक गोष्ट विचारायची राहून जाते. हे सारे करणार कोण?

आमचा वाद या मंडळींशी आहे, आणि आमचे म्हणणे एका वाक्याचे आहे. संघाची खेळण्याची रीत संघातल्या माणसांवरून ठरली पाहिजे. रीत आधी ठरवून माणसे तिच्यात कोंबणे हा अडाणीपणा होय. तो विद्वत्तेचा वेष घेऊन येतो म्हणून अधिक घातक, इतकेच. शिंपी आधी माप घेतो आणि मग कापडाला कात्री लावतो. हे नवे शिंपी अंगरखा आधी शिवून ठेवतात, आणि तो बसला नाही की दोष अंगाला देतात!

दिवाळीच्या फराळात हा फुटबॉल कुठून आला, असे कोणी गृहिणी विचारील. तर बाईसाहेब, या विषयातला खरा अधिकार तुमचाच आहे. घरात चकलीची भाजणी दळून आली असेल, तर तुम्ही चकल्याच पाडता. शेजारणीकडे अनारसे झाले म्हणून त्याच भाजणीचे अनारसे थापायला तुम्ही बसत नाही. कोणी बसलीच, तर कढईत अनारसा हसतो आणि पाटावर पाहुणे हसतात. डब्यात काय आहे ते पाहून बेत ठरवायचा, हे जे शहाणपण प्रत्येक स्वयंपाकघरात आहे, ते मैदानावर गेले की कुठे हरवते, एवढाच आमचा प्रश्न आहे.

हे शिकायला विलायतेला जाण्याचीही गरज नाही. कोल्हापूरला जावे. महाराष्ट्रात फुटबॉलने झपाटलेले गाव म्हटले की आधी त्याचेच नाव घ्यावे लागते. तिथल्या संघांची नावे पाहा: पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ. संघ फुटबॉलचा आणि नाव तालमीचे! शाहू स्टेडियमवर या तालमी एकमेकींशी भिडतात तेव्हा पेठाच्या पेठा तिथे लोटतात. आता ज्या तालमींची नावे हे संघ मिरवतात, त्या तालमीतला वस्ताद काय करतो ते पाहा. नवा पोरगा लाल मातीत उतरला, की वस्ताद आधी त्याला नुसता न्याहाळतो. मान कशी आहे, मांडी कशी आहे, कंबर लवते का, दम किती टिकतो. मग लांब हातापायांच्या पोराला तो एक डाव देतो आणि बुटक्या, घट्ट बांध्याच्या पोराला दुसरा. बुटक्याला म्हणतो, तू जमिनीशी जवळ आहेस, तू पट काढ. 'माझे तत्त्वज्ञान धोबीपछाडीचे आहे, सबब या तालमीतला प्रत्येक जण धोबीपछाडच मारील,' असे म्हणणारा वस्ताद आजवर कोणी पाहिला आहे काय? पाहिला असेल, तर त्याचे पठ्ठे आकाशाकडे तोंड करून पडलेलेच पाहिले असतील.

कुस्ती एकट्याची, फुटबॉल अकरांचा. वस्तादाची ही नजर इथे चालायची नाही, असे कोणी म्हणेल. त्याला आम्ही हैदराबादच्या एका शाळामास्तरांचे नाव सांगतो: सय्यद अब्दुल रहीम. १९५० पासून १९६३ साली मृत्यू येईपर्यंत बहुतेक काळ भारताचा संघ या माणसाच्या हाताखाली होता. २०२४ साली त्यांच्यावर 'मैदान' नावाचा चित्रपट निघाला, त्यामुळे आपल्या पोराबाळांनाही हे नाव आता परके राहिलेले नाही. पण चित्रपटात ढोल जास्त वाजतात. रहीमसाहेबांचे खरे काम ढोलाशिवायचे होते, ते आधी समजून घेतले पाहिजे.

१९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपला १०-१ असा धुव्वा उडविला. आपले बहुतेक गडी अनवाणी खेळत होते. त्यानंतर बूट सक्तीचे झाले, हे सर्वांना ठाऊक आहे. पण पायात बूट चढविल्याने अंगात मांस चढत नाही. युरोपियन गडी धिप्पाड, आपले हलके. धक्काबुक्कीत आपण निभावणार नाही, हे रहीमसाहेबांनी मनोमन जाणले. मग काय करावे? हंगेरीचा संघ त्या काळी आघाडीतला एक गडी मागे खेचून खेळे, आणि त्याच्या मागे जावे की जागा धरून राहावे या पेचात समोरचे बचावपटू सापडत. १९५३ साली वेम्ब्लेवर त्यांनी इंग्लंडला ६-३ असे लोळविले ते याच युक्तीने. रहीमसाहेबांनी ही युक्ती उचलली. परक्यांची म्हणून उचलली नाही. आपल्या चपळ, हलक्या, आखूड पास देणाऱ्या पोरांना ती अंगासरशी बसेल म्हणून उचलली.

१९५६ साली मेलबर्नला काय झाले ते पाहा. हंगेरीने नाव मागे घेतल्यामुळे आपल्याला पहिली फेरी खेळावीच लागली नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे कोणी कुजबुजायला नको. पण पुढच्या फेरीत समोर यजमान ऑस्ट्रेलिया उभा होता. त्याला आपण ४-२ असे हरविले. त्यातले तीन गोल नेव्हिल डिसोझाचे. मूळचा गोव्याचा आणि मुंबईत खेळणारा हा गडी. ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाने आपल्याला ४-१ असे हरविले आणि भारत चौथा आला. चार वर्षांपूर्वीचा तो १०-१ आठवा आणि हा ४-१ पाहा. आपली माणसे चार वर्षांत सहा इंच उंच झाली नव्हती. अंगरखा तेवढा मापाचा झाला होता.

आणि १९६२ चे जाकार्ता? तिथे तर रहीमसाहेबांनी वस्तादपणाची कमाल केली. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने आपल्याला २-० असे हरविले. थायलंडविरुद्धच्या सामन्यात जर्नेलसिंग या पोलादी बचावपटूचे डोके फुटले, कपाळावर टाके पडले. आता अशा माणसाला बचावात उभे करावे, तर दर दोन मिनिटांनी उंच चेंडू डोक्याने परतवावा लागणार. पोथीनिष्ठ प्रशिक्षकाने त्याला बाकावर बसविले असते. रहीमसाहेबांनी त्याला आघाडीवर धाडला! उपांत्य सामन्यात त्याने गोल केला, आणि अंतिम सामन्यात त्याच दक्षिण कोरियाविरुद्धही केला. एक लाख प्रेक्षक आपल्याविरुद्ध ओरडत असताना भारत २-१ असा जिंकला; एक गोल पी. के. बॅनर्जीचा, एक जर्नेलसिंगचा. आशियाई खेळांतले फुटबॉलचे ते आपले दुसरे सुवर्णपदक, आणि आजवरचे शेवटचे. त्या दिवशी रहीमसाहेबांचे तत्त्वज्ञान काय होते, असे कोणी विचारले असते, तर कपाळावर टाके पडलेल्या त्या सरदाराकडे बोट दाखविणे एवढेच उत्तर त्याला पुरले असते.

पण आमचे विरोधक इतक्यात हार मानणारे नव्हेत. ते म्हणतात, या जुन्या गोष्टी झाल्या. आताचे फुटबॉल शास्त्रीय झाले आहे. बार्सिलोना पाहा! पेप ग्वार्दिओला पाहा! त्याने एक रीत ठरविली आणि जग जिंकले.

जरूर पाहू. बार्सिलोनाच्या त्या संघाकडे झावी होता, इनिएस्ता होता, मेस्सी होता. तिघेही साडेपाच फुटांच्या किंचित वर. तिघेही क्लबाच्या एकाच शाळेत वाढलेले. चेंडू पायाला चिकटविल्यासारखा राखण्यात तिघेही निष्णात. अशी तीन माणसे घरात असताना उंच चेंडू मारून डोक्यांची टक्कर कोण लावील? आखूड पासांचा खेळ ग्वार्दिओलाने अशा संघाच्या हाती दिला, की ज्याच्या हाडीमासी तो आधीच खिळला होता. २ मे २००९ रोजी माद्रिदमध्ये त्याने मेस्सीला उजव्या कडेवरून उचलून मध्ये आणला, आघाडीच्या टोकापासून जरा मागे ठेवला, आणि रेआल माद्रिदचा ६-२ असा फडशा पाडला. हीदेखील मापे घेण्याचीच कला. पण जगभरच्या शिष्यांनी मापे घेण्याची कला उचलली नाही; त्यांनी शिवून झालेला अंगरखा पळविला. आता तो प्रत्येक गावात प्रत्येकाच्या गळ्यात घालीत हिंडत आहेत.

याचा पुरावा हवा असेल, तर इंग्लंडातल्या बर्नली नावाच्या लहानशा गावाची गोष्ट ऐका. शॉन डाइश नावाचा प्रशिक्षक तिथे साध्या, रांगड्या, लांब चेंडूच्या खेळावर वर्षानुवर्षे वरच्या वर्गात टिकून होता. २०१७-१८ च्या हंगामात तर त्याचा संघ सातवा आला. शहाण्यांनी त्या खेळाला नाके मुरडली. २०२२ साली डाइश गेला, बर्नली खालच्या वर्गात घसरली आणि विन्सेंट कोंपनी आला. त्याने आखूड पासांचा नवा खेळ आणला, आणि खालच्या वर्गात १०१ गुण मिळवून पहिला क्रमांक पटकावला. वाहवा झाली. वरच्या वर्गात आल्यावर मात्र तोच खेळ, तसाच, तितक्याच निष्ठेने चालू राहिला. गोलरक्षकाजवळून आखूड पास निघे, आणि समोरचे तो मधल्यामध्ये हिसकावून घेत. ३८ सामन्यांत २४ गुण. विसांत एकोणिसावा क्रमांक. गाडी पुन्हा खाली. आणि गंमत पुढेच आहे. हाच कोंपनी म्युनिकच्या बायर्न संघाकडे गेला आणि २०२४-२५ साली जर्मनीचे विजेतेपद जिंकून बसला! माणूस तोच, विचार तोच. मग फरक कशात पडला? बायर्नच्या तिजोरीत तो विचार पेलणारी माणसे विकत घेण्याचा पैसा होता, आणि ती माणसे संघात आधीपासूनच होती. रीत आणि माणसे यांचे माप जुळलेच पाहिजे. तिजोरी भरलेली असेल तर रीतीप्रमाणे माणसे आणा. नसेल तर माणसांप्रमाणे रीत ठेवा. तिसरा मार्ग खालच्या वर्गाकडे जातो.

दुसरा आक्षेप असा, की माणसे पाहून रीत ठरविणे म्हणजे भित्र्यांनी दारे लावून घरात बसणे. हा आक्षेप घेणाऱ्यांनी लेस्टर आठवावे. २०१४-१५ साली हा संघ चौदावा आला होता. पुढच्या वर्षी क्लॉडिओ रानिएरी आला आणि त्याने घरातले सामान मोजले. मॉर्गन आणि हूथ हे दोन बचावपटू उंच, दणकट, पण पायाने संथ. त्यांना आपल्या गोलाजवळच ठेवले. मधल्या भागात कांते, तिघांचे काम एकटा करणारा. कडेला माहरेझ, पायात जादू असलेला. आणि टोकाला व्हार्डी, वाऱ्यासारखा पळणारा, जो २०१२ पर्यंत व्यावसायिक वर्गांच्या बाहेर खेळत होता. चेंडू बहुतेक वेळ समोरच्यांनाच दिला, आणि हाती लागला की व्हार्डीच्या पुढे मोकळ्या मैदानात टाकला. २०१६ साली ते इंग्लंडचे विजेते झाले. याला भित्रेपणा म्हणत असाल, तर अशा भित्र्यांची आपल्याला फार गरज आहे!

आता घरचा हिशेब. सप्टेंबर २०१९ मध्ये दोहा येथे भारत आशियाच्या विजेत्या कतारशी खेळला. सुनील छेत्री आजारी होता. आपली मुले मागे दाटीवाटीने उभी राहिली, गुरप्रीतसिंग संधू गोलात भिंतीसारखा उभा राहिला, आणि सामना ०-० असा सुटला. त्या रात्री देश आनंदला. पण शहाण्यांना वाटले, हा काही सुंदर खेळ नव्हे. चेंडू राखून खेळणारा 'आधुनिक' भारत घडविण्याच्या गोष्टी चालूच राहिल्या. जानेवारी २०२४ मध्ये आशियाई चषकात आपण ऑस्ट्रेलियाकडून २-०, उझबेकिस्तानकडून ३-० आणि सीरियाकडून १-० असे हरलो. तीन सामने आणि गोल शून्य. सगळा दोष रीतीचाच होता असे आम्ही म्हणत नाही. तरुण पोरे लहानपणी पुरेसे सामने खेळत नाहीत, मैदाने नाहीत, देशातल्या स्पर्धांच्या व्यवस्थेचा घोळ मिटत नाही; ही दुखणी कोणत्याही प्रशिक्षकाच्या कात्रीने बरी होणारी नव्हेत. पण ज्याच्या अंगात ताप आहे त्याला निदान घट्ट कपडा तरी घालू नये!

ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील प्रशिक्षक झाले. मुंबईच्या मैदानांवर घडलेला हा माणूस. २०१७ साली मिझोरमच्या ऐझॉल संघाला त्यांनी भारताचे विजेतेपद मिळवून दिले होते. आदल्या वर्षी तो संघ खालच्या वर्गात घसरला होता, आणि गोव्याचे संघ निघून गेले म्हणून त्याला परत घेतले होते! मिझोरमची चपळ पोरे, त्यांच्या जोडीला मुंबईहून आणलेले जयेश राणे आणि आशुतोष मेहता, गोलात गोव्याचा आल्बिनो गोम्स. घरात होते तेवढ्यात मोट बांधली आणि मोहन बागानला एका गुणाने मागे टाकले. भारताचा संघ हाती येताच त्यांनी मध्य आशियातल्या स्पर्धेत ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरा क्रमांक मिळविला. पण ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरने आपल्याला २-१ असे हरविले, आणि २०२७ च्या आशियाई चषकाचे दार बंद झाले. लगेच शहाणे ओरडले, पाहा, तुमचा मापाचा अंगरखाही फाटला! फाटला, कबूल. मापाचा अंगरखा घातल्याने अंगात बळ येते, असे आम्ही कधी म्हटले? तो इतकेच करतो, की असलेले बळ अडवीत नाही. बळ कमी असेल तर त्याला खुराक लागतो, आणि खुराक लहानपणी द्यावा लागतो.

इथेच शेवटचा आणि सर्वांत मोठा आक्षेप येतो. आहे त्या माणसांवरून रीत ठरवीत बसाल, तर पोरे नवे शिकणार कधी? प्रश्न चांगला आहे, आणि उत्तर पुन्हा रहीमसाहेबांकडेच आहे. हैदराबादेत त्यांनी पोरांसाठी अशा स्पर्धा भरविल्या, की ज्यांत चेंडू पायात खेळवीत पळायचे नाही, लगेच पास द्यायचा. किंवा ज्या पायात जोर कमी त्याच पायाने मारायचे. म्हणजे उणीव लपवायची नाही, तिच्यावरच घाव घालायचा. पण हे सरावात. देशाचा सामना आला की ज्याचा जो पाय चांगला, तो त्याने वापरावा. सराव उद्यासाठी असतो, सामना आजचा असतो. उद्याचा धडा आजच्या सामन्यात गिरवायला लावणे म्हणजे पोहायला न शिकलेल्या पोराला पुरात ढकलून 'हीच आमची पद्धत' असे काठावरून ओरडणे.

वाचकहो, गोष्ट मोठ्या संघांपुरती असती तर आम्ही एवढा घसा कोरडा केला नसता. पण हे खूळ आता शाळेच्या मैदानापर्यंत पोहोचले आहे. बारा वर्षांचा एखादा पोरगा वाऱ्यासारखा पळतो, पण आखूड पास त्याला नीट जमत नाही, तो बाकावर. एखादा अंगाने थोराड, डोक्याने चेंडू झकास मारतो, पण पायाने जड, तोही बाकावर. आईबाप विचारायला गेले, की उत्तर मिळते: 'मुलगा चांगला आहे हो, पण आमच्या पद्धतीत बसत नाही.' पोरगा घरी येतो, बूट कोपऱ्यात फेकतो आणि पुढच्या वर्षी खेळायला जात नाही. अशी किती पोरे आपण कोपऱ्यात फेकली, याची नोंद कोणत्या वहीत आहे? आणि उद्याचा जर्नेलसिंग त्या कोपऱ्यातच पडलेला नसेल कशावरून?

तेव्हा असे उत्तर मिळाले, तर मान डोलावून परत येऊ नका. नम्रपणे, पण ठामपणे विचारा: 'गुरुजी, ही पद्धत कोणासाठी? पोरांसाठी, की फळ्यासाठी?' मैदानावर अकरा पोरे उभी आहेत. कोणी उंच, कोणी बुटका, कोणी चपळ, कोणी चिवट. आधी त्यांच्याकडे नीट पाहा. मग खडू उचला.